शिंपिणीचा बिनमापाचा झगा

एका नगरात एक शिंपीण राहत होती, आणि ती फार दमलेली होती. गोष्टीतल्या बायकांना एरवी सासू तरी छळते, नाहीतर एखादा राक्षस पळवून नेतो. हिला कुणीच छळत नव्हतं. नवरा होता तोवर तो कापड कापायचा आणि ही शिवायची. तो गेल्यावर कापणंही हिच्याच गळ्यात पडलं. नगरात दुसरा शिंपी नव्हता. सकाळी दार उघडलं की कापडं घेऊन बाया उभ्या, आणि संध्याकाळी दार लावलं तरी फटीतून कुणीतरी विचारायचीच, "झालं का गं माझं?"

त्या नगरात एक रीत होती. मुलीच्या लग्नाच्या दिवशी शिंप्यानं तिच्या घरी जायचं आणि सुती दोरीनं तिचं माप घ्यायचं. गळ्याचं माप आलं की दोरीला एक गाठ, छातीचं आलं की दुसरी, कमरेचं आलं की आणखी एक. टोकाला मुलीच्या आवडीचा मणी ओवायचा आणि ती दोरी शिंप्याच्या दुकानातल्या खुंटीला टांगायची. पुढं जन्मभर त्या बाईचा प्रत्येक कपडा त्याच दोरीवर बेतायचा. तिला लेकरं होवोत, नातवंडं होवोत, ती आजारानं वाळो की सुखानं भरो, दोरी काही बदलायची नाही.

आणि कपडा म्हणजे तरी काय? गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला चापून बसणारी अंगरखी, अन् पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत नुसते बंद. आपले बंद आपल्याला बांधता येत नसत. म्हणून रोज सकाळी घराघरांत बाया एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहून बंद ओढत असायच्या. सासू सुनेचे ओढायची, मग सून सासूचे. कोण किती जोरानं ओढतंय त्यावरून त्या घरात काल काय झालं ते शेजाऱ्यांना कळायचं.

ही रीत का पडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढंच सगळे धरून चालले होते, की बाईचं माप बदललं तर घराची बरकत जाते. म्हणून नवी अंगरखी अंगावर चढली की शिंपिणीनं दोन पावलं मागं सरून म्हणायचं, "माप तेच आहे, बाई." आणि बाईनं श्वास रोखून म्हणायचं, "असणारच."

माप तेच नसायचं, हे शिंपिणीइतकं कुणाला माहीत असणार? शिवणीत जमेल तेवढी जास्तीच्या कापडाची माया ती आत दडवून ठेवायची, आणि एखादी अगदी रडकुंडीला आली की गुपचूप उसवून द्यायची. पण असं उसवून उसवून किती पुरणार? पाठ दुखायची ती शिवणानं, जीव मात्र थकायचा तो दिवसभर "माप तेच आहे" म्हणून म्हणून. तिची स्वतःची अंगरखीही तिच्या लग्नातल्या दोरीवरचीच होती. शेजारची कुंभारीण रोज सकाळी येऊन तिचे बंद आवळून जायची.

चैत्र लागला आणि राज्याचा मोठा सण जवळ आला. त्या दिवशी राणी नवी अंगरखी घालून सज्जात उभी राहायची. खाली लोक माना वर करून बघायचे, "राणीसाहेबांचं माप तेच आहे" असं एकमेकांना सांगायचे आणि राज्य नीट चाललंय या भरवशावर घरी जाऊन जेवायचे. राणी नवं घालणार म्हटल्यावर गावातल्या बायाही नवं घालणारच. शिंपिणीच्या ओसरीत कापडाचा ढीग लागला. बसायलाही जागा उरली नाही.

अशाच एका दुपारी शिवता शिवता तिला श्वास लागला. वारा पडला होता, घामानं बंद भिजून आणखीच आवळले होते. तिनं कात्री उचलली, हात पाठीमागं नेला आणि हाताला लागतील तेवढे बंद कापून टाकले. अंगरखी सुटून खाली पडली. कितीतरी वर्षांनी तिच्या पोटापर्यंत हवा गेली. आणि खरं सांगायचं तर ती रडली.

तेवढ्यात दार वाजलं. "अगं ए, आहेस ना घरात?" कुंभारणीचा आवाज होता.

शिंपिणीच्या तोंडचं पाणी पळालं. अंगरखीचे बंद कापलेले, आणि अंगावर दुसरं काही नाही. कोपऱ्यात मांजरपाट पडलं होतं, कापडाची गाठोडी ज्यात बांधून येतात तसलं जाडंभरडं. "थांब गं, आलेच," असं म्हणत तिनं ते मधोमध दुमडलं, घडीवर डोकं जाईल एवढं भोक कापलं आणि दोन्ही बाजूंना लांब लांब टाके टाकून धावदोरा घातला. हात बाहेर यायला वर जागा सोडली. माप घेतलं नाही, कारण माप घ्यायचं त्राणच अंगात नव्हतं. डोक्यावरून ते खाली सोडलं आणि दार उघडलं.

कुंभारीण बघतच राहिली. "हे काय घातलंयस?"

"मलाही माहीत नाही."

"बंद कुठायत याचे?"

"नाहीत."

"आणि माप?"

"तेही नाही."

कुंभारणीला हसू फुटलं, पण लगेच धाप लागली. तिच्या बंदांत हसण्याएवढी जागा नव्हती. महिन्यामागंच ती बाळंतीण झाली होती, आणि तरी रोज लग्नातल्या मापाची अंगरखी आवळून चाकावर वाकत होती. हसू ओसरल्यावर ती शिंपिणीच्या दंडावरचं कापड चिमटीत धरून बघू लागली.

"मला पण एक शिवून दे गं," ती म्हणाली. "घरातल्या घरात घालीन. कुण्णाला सांगणार नाही."

अर्थातच तिनं सगळ्यांना सांगितलं. पहिल्यांदा कासारणीला, मग तेलिणीला, आणि मग सांगायची गरजच उरली नाही. त्या कपड्याला बाया झगा म्हणू लागल्या. दुपारची जेवणं उरकली, दारं लोटली, की अंगरख्या खुंटीवर जायच्या आणि झगे अंगावर यायचे. दार वाजलंच, तर वरून एक ओढणी टाकायची आणि फटीतून बोलायचं. ही युक्ती कुणी कुणाला शिकवली नाही, ती प्रत्येकीला आपोआप सुचली. दुपारी नगरात भांडणाचा आवाज येईनासा झाला.

शिंपिणीचे मात्र हाल झाले. सणाच्या अंगरख्या होत्याच, त्यात मागच्या दारानं झगे मागणाऱ्या आल्या. पहिलीला नाही म्हणवेना, म्हणून दुसरीलाही म्हणवेना. कधीतरी सगळं टाकून आडवं व्हावं, आणि कुणी हाक मारू नये, एवढंच तिला आता हवं होतं. देव समोर आला असता तर तिनं दुसरं काहीच मागितलं नसतं.

देव काही आला नाही. राणीची म्हातारी दासी आली.

"चल लवकर. राणीसाहेबांची अंगरखी व्हायचीये अजून."

"मावशी, कपडे बदलून येते. या अवतारात कसं यायचं?"

"आहेस तश्शी चल. त्यांचा पारा चढलाय."

शिंपिणीनं झग्यावर ओढणी घेतली, सुई-दोरा, कात्री पिशवीत टाकली आणि निघाली.

राणीची दोरी चांदीच्या डबीत ठेवलेली होती. शिंपिणीनं ती काढून राणीच्या कमरेभोवती धरली. दोन्ही टोकं काही केल्या भेटेनात. राणी ताठ उभी होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"राणीसाहेब, श्वास सोडा."

"सोडला तर माप चुकेल."

शिंपिणीनं सवयीनं "माप तेच आहे" म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द येईनात. ती फार दमली होती. खोटं बोलायलाही थोडी ताकद लागतेच. तिनं दोरी खाली ठेवली आणि नुसती उभी राहिली.

राणी रागावेल असं तिला वाटलं होतं. राणीनं श्वास सोडला. मग तिचं लक्ष शिंपिणीच्या ओढणीखाली गेलं. "तू हे काय घातलंयस?"

सांगून पटलं नसतं. शिंपिणीनं राणीच्या पलंगावरची चादर ओढून घेतली, दुमडली, कापली, दोन बाजू शिवल्या. दासीनं राणीचे बंद सोडले आणि झगा डोक्यावरून खाली आला. राणी इकडून तिकडे चालून आली. हात वर करून बघितले. आणि मग, आजवर त्या महालात कुणी पाहिलं नव्हतं असं, सरळ जमिनीवर बसून तिनं पाय पसरले.

"लग्न झाल्यापासून मी अशी बसले नव्हते," ती म्हणाली. "हे आणखी कुणाकडे आहे?"

"आहेत काही घरांत," शिंपीण म्हणाली.

राणीनं झग्याची कड मुठीत धरली. "मग आता नसतील. उद्या दवंडी पिटवते. झगा राणीनंच घालायचा." शिंपिणीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज जरा उतरला. "अशी बघू नकोस. माझं म्हणून या राज्यात काय आहे? उठायचं कधी, उभं राहायचं कुठं, सगळं ठरलेलं. एवढं एक तरी माझं एकटीचं असू दे. आणि तुला मी विसरणार नाही. शेजारची खोली आजपासून तुझी. वर्षातून माझा एक झगा शिवायचा, बाकी सुईला हात लावायचा नाही. कुणी तुला हाक मारणार नाही. जा, बघून ये."

शिंपीण बघायला गेली. खोलीत मऊ गादीचा पलंग होता, वर स्वच्छ पांढरी चादर, आणि खिडकीतून वारा येत होता. बाहेर एकही बाई कापड घेऊन उभी नव्हती. जरा पाठ टेकून बघावी म्हणून ती आडवी झाली, आणि तिचा डोळा लागला. तिला दोष कसा द्यावा? तिच्या जागी मी असते तर गोष्ट इथंच संपली असती.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी दासी पंखा घेऊन उभी होती.

"मावशी, तुम्ही केव्हापासून उभ्या आहात?"

"तू झोपलीस तेव्हापासून. राणीसाहेबांनी सांगितलं, वारा घाल."

"मग बसायचं तरी!"

"बसता येत नाही गं बाई," दासी साध्या आवाजात म्हणाली. "बसलं की बंद तुटतात. माझं माप घेतलं तेव्हा मी काडीसारखी होते. आता उभीच बरी. रात्री बंद सुटले की मग पडते जराशी."

शिंपिणीनं तिच्या पायांकडे पाहिलं. ते सुजलेले होते. तिनं पुन्हा गादीकडे पाहिलं. गादी तितकीच मऊ होती आणि वाराही तसाच येत होता. ती उठून बसली आणि स्वतःवरच चिडून पुटपुटली, "झोपून राहिले असते तर काय बिघडलं असतं माझं?"

मग तिनं त्या पलंगावरची चादर ओढून काढली.

राणी दाराशी आली तेव्हा दासी चादरीच्या झग्यात भिंतीला टेकून बसली होती. तिचे पाय शिंपिणीच्या मांडीवर होते, आणि शिंपीण ते चेपत होती. दासी धडपडत उठायला लागली. "बसा मावशी," शिंपीण म्हणाली, आणि राणीकडे वळली. "ही खोली मला नको, राणीसाहेब. इथं मला झोप लागायची नाही. म्हणजे आज लागली, पण उद्यापासून लागायची नाही."

राणीचा संताप अनावर झाला. आत्ताच तर एक गोष्ट तिच्या एकटीची झाली होती, आणि तीसुद्धा दासीच्या अंगावर दिसत होती. "एवढी दया येते ना तुला सगळ्यांची? तर मग ऐक. आजपासून या नगरात तू सुईला हात लावायचा नाही. कुणीही तुला शिवायला कापड द्यायचं नाही. हीच तुझी शिक्षा!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही दवंड्या पिटल्या गेल्या. झगा राणीशिवाय कुणी घालायचा नाही, आणि शिंपिणीनं काही शिवायचं नाही.

शिंपीण ओट्यावर हात बांधून बसली. बाया धावत आल्या, कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "आता गं आमचं कसं? शिवणार कोण?"

"हात लावायला बंदी आहे, बोलायला नाही," शिंपीण म्हणाली. "एक कापड आण. दुमड मधोमध. डोकं जाईल एवढं भोक काप. आता दोन्ही बाजूंनी धावदोरा घाल. वाकडा गेला? जाऊ दे. झालं."

"एवढंच?" कुंभारीण म्हणाली.

"एवढंच."

मग काय, ज्या घरात सुई होती तिथं झगा झाला. शिकवलेल्या घरांतून शिंपिणीच्या ओट्यावर भाकरी-कालवण येऊ लागलं, कारण आता तिला कमाई नव्हती आणि बायांना ते कळत होतं. शिपाई झगे जप्त करायला निघाले, तर पहिल्याच घराच्या ओट्यावर त्यांच्यातल्या एकाची आई झग्यात बसलेली. तिनं लेकाला विचारलं, "काय पाहिजे?" तो म्हणाला, "काही नाही." आणि ते आल्या पावली परत गेले.

सणाचा दिवस उजाडला, तेव्हा कुठं राणीच्या लक्षात आलं. नगरातल्या एकुलत्या एक शिंपिणीला तिनं सुई बंद केली होती, आणि तिची स्वतःची अंगरखी शिवायची राहूनच गेली होती! मागच्या वर्षीची काढली, तर बंद पाठीवर जुळेनात. खाली लोक जमले, माना वर करून उभे राहिले. ऊन चढलं, पण राणी काही सज्जात आली नाही. शेवटी लोक कंटाळून घरी गेले. गाईंनी दूध दिलं, विहिरीला पाणी होतं, घरांची छपरं जागच्या जागी राहिली. बरकत गेली असं कुणालाच कुठं दिसलं नाही.

त्या दुपारी शिंपिणीच्या ओट्यावर बाया शेंगा फोडत बसल्या होत्या. दासीही आली होती. रस्त्यानं ओढणी घेतलेली एक बाई आली आणि ओट्याशी उभी राहिली. आजवर बायांनी राणीला फक्त खालून, लांबून पाहिलं होतं, तेही बंदांत आवळलेली. सैल झग्यातली ही बाई त्यांना आपल्यातलीच कुणीतरी वाटली.

"जरा सरकता का?" ती शिंपिणीला म्हणाली.

दासीनं तिला ओळखून मान खाली घातली. शिंपिणीनंही तिला लगेच ओळखलं. उठून उभं राहायला हवं, हे तिला कळत होतं. पण ती नुकतीच कुठं टेकली होती. ती बाजूला सरकली. राणी बसली, आणि तिनं पाय पसरले. कुंभारणीनं तिच्या मांडीवर मूठभर शेंगा टाकल्या. "बसलीच आहेस, तर एवढ्या फोड बाई."

राणीला शेंग फोडता येत नव्हती. पहिली तिनं दातानं फोडली. बराच वेळ ती खाली मान घालून शेंगा फोडत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "महालात मी एकटीच झगा घालून बसले होते. कुणाशी बोलू?"

शिंपिणीनं आपल्या पुढ्यातलं पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. राणी पाणी प्यायली. "झग्याची दवंडी मी मागं घेते. आणि तुझी शिक्षाही. उद्यापासून तू खुशाल शिवायला लाग."

"नको, नको, राणीसाहेब!" शिंपीण घाईघाईनं म्हणाली.

बायांचे हात थांबले. कुणी उठायला लागली, तर राणीनंच तिला हाताला धरून खाली बसवलं. शिंपिणीनं मागं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"झग्याची दवंडी घ्या मागं," ती म्हणाली. "माझी शिक्षा मात्र अजून थोडे दिवस असू द्या."

तात्पर्य: कपडा माणसाच्या मापाचा असावा, माणसाला जुन्या मापात कोंबू नये. आणि दमलेल्याला विसावा मिळालाच, तर त्यानं शेजारी थोडी जागा मोकळी ठेवावी, कारण दमलेलं आणखी कुणीतरी येतच असतं.